नेत्यांचे पाहणी दौरे, शासन निर्णय आणि पूररेषा

प्रश्न असा आहे: पूर, भूकंप किंवा वादळ आले की मुख्यमंत्री आणि मंत्री पाहणीला येतात, मदतीचे पॅकेज जाहीर करतात आणि हल्ली 'हे सगळे हवामानबदलामुळे' असेही सांगतात, यातून प्रत्यक्षात काही साधते का, आणि एखाद्या नेत्याने आपत्ती नीट हाताळली की नाही हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे?

मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधल्या तीस वर्षांत भूकंप, पूर, गारपीट, दुष्काळ आणि दोनदा कोसळलेली दरड एवढे सगळे सरकारी टेबलामागून पाहिले, त्या बळावर हे उत्तर देतो. नेता किती तासांत पोहोचला हे मी फारसे मोजत नाही. तो परत गेल्यावर कोणते आदेश निघाले, त्यातले पैसे किती दिवसांत लोकांच्या खात्यावर पडले आणि पुढचा पावसाळा येण्याआधी त्याने मते घटवणारा एखादा तरी निर्णय घेतला का, हे मी पाहतो. पहिल्या दोन कसोट्यांना आपल्याकडचे बरेच नेते कमी-अधिक उतरतात. तिसरीला फार थोडे उतरतात, आणि त्याचे कारण जितके त्यांच्यात आहे तितकेच मतदारांतही आहे.

दौरा अगदीच निरुपयोगी असतो असे मी म्हणणार नाही. कागदोपत्री जिल्ह्याच्या हातात पुष्कळ अधिकार असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केले आहे. तो वाहने ताब्यात घेऊ शकतो, निकडीची खरेदी निविदा न काढता करू शकतो. पण दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि तेव्हा आपल्या मागे कोणी उभे राहणार नाही, ही धास्ती प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनात असते. मुख्यमंत्री चिखलात उभा राहून चारचौघांसमोर 'करा, मी बघतो' एवढे म्हणाला, की तहसीलदाराचा हात मोकळा होतो. मंत्रालयात जी टिपणी पाच टेबले फिरत महिनाभर रेंगाळली असती, ती त्या संध्याकाळी फोनवर मान्य होते. दौऱ्याचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही.

त्याची किंमतही सांगितली पाहिजे. मी एका तालुक्यात असताना सप्टेंबरच्या अखेरीस मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात पाच मान्यवरांचे दौरे लागले. तालुक्यातल्या तलाठ्यांपैकी एक तृतीयांश माणसे दौऱ्याच्या कामाला जुंपली गेली: कोणी हेलिपॅडवर पाणी मारून चुन्याने खूण आखत होता, कोणी मान्यवर ज्या शेतात उतरणार तिथल्या वाटेवर मुरूम पसरून घेत होता, कोणी निवेदने देणाऱ्यांची यादी करत होता. हेच लोक पंचनामे करणारे, त्यामुळे पंचनामे थांबले. रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याला कोणीतरी सांगून ठेवले होते की साहेब तुझ्याच रानात येणार आहेत, सोयाबीन काढू नको. त्याने कुजलेले पीक सहा दिवस तसेच उभे ठेवले आणि रब्बीची मशागत लांबवली. साहेबांचे हेलिकॉप्टर ढगांमुळे शेजारच्या तालुक्यातूनच परतले.

याउलट एका पालकमंत्र्यांची आठवण आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास ते एका गाडीने, कोणालाही न कळवता तहसील कार्यालयात आले, नियंत्रण कक्षातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गावात मी सकाळी जातो, आधी माझ्यामुळे काय अडलंय ते सांगा." तीन गोष्टी अडल्या होत्या. वैरणीच्या खरेदीचा दर मंजूर होत नव्हता, टँकरवाल्यांची मागच्या उन्हाळ्याची बिले थकल्याने ते गाड्या द्यायला तयार नव्हते आणि खचलेल्या पुलाशेजारून वळणरस्ता कोणत्या खात्याने करायचा यावर दोन अभियंत्यांचा वाद चालू होता. त्यांनी तिथूनच तीन फोन केले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि विश्रामगृहावर गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो नव्हता. पुढची निवडणूक ते हरले. हरण्याचे कारण पूर नव्हता, पण पूर चांगला हाताळल्याचा फायदाही त्यांना झाला नाही, हे मी लक्षात ठेवले आहे.

महाराष्ट्रात नेत्याच्या तत्परतेचे उदाहरण म्हणून किल्लारीचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच पाठ टेकत असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. माळवदाची घरे, जाड दगडी भिंती, त्यावर फूटभर मातीचे छत. ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. मी नोकरीत नवा होतो आणि शेजारच्या जिल्ह्यातून मला काही आठवड्यांसाठी तिकडे पाठवले होते. मृतांच्या याद्या करण्याचे काम माझ्याकडे होते. काही घरांतली नावे सांगायला त्या घरातले कोणी उरलेलेच नसायचे. मग शेजारच्या गावांत दिलेल्या लेकी येऊन आई-बापाची, भावांची, भाचरांची नावे एकेक करून सांगायच्या आणि आम्ही लिहून घ्यायचो.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिथे पोहोचले, याचा गवगवा झाला. माझ्या दृष्टीने त्यापेक्षा महत्त्वाचे होते ते पुढच्या काही महिन्यांत ठरले ते. ५२ गावे नव्या जागी वसवायची, जागतिक बँकेचे कर्ज घेऊन स्वतंत्र पुनर्वसन कार्यक्रम उभा करायचा आणि जिथे घरे फक्त तडकली होती तिथे मालकांनाच पैसे व मार्गदर्शन देऊन ती भूकंपात टिकतील अशी बळकट करून घ्यायची, असे धोरण आखले गेले. गावांत सल्लामसलतीसाठी बायकांची फळी उभी राहिली, तीही याच कार्यक्रमातून. त्यात चुका झाल्या. काटकोनात आखलेल्या नव्या गावांत जुन्या वाड्याची रीत बसेना, गोठ्याला जागा पुरेना, शेत लांब पडले आणि लोकांनी घरांपुढे पत्रे टाकून आपले जुने गाव थोडे थोडे परत बांधले. तरीही निर्णय झाले, पैसा आला, घरे उभी राहिली. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाल्यावर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी विरोधी पक्षातल्या पवारांनाच आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीच्या उपाध्यक्षपदी बसवले, ते याच अनुभवामुळे. पुढे २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली आणि वर्षभरात देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. मोठ्या मृत्यूनंतरच कायदा होतो, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे.

आता पैशाकडे येतो, कारण लोकांचा रोष तिथेच असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि महाराष्ट्रासारख्या राज्याचे २५ टक्के पैसे असतात आणि तो केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसारच खर्च करावा लागतो. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तरच मदत मिळते. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. सोयाबीनच्या एका हेक्टरचे बियाणे, खत, फवारणी आणि मळणी ज्याने केली आहे त्याला ८,५०० रुपये म्हणजे काय हे सांगायला नको.

नेत्यांना दिलदारी दाखवायला जागा मिळते ती इथे. २०२२ मध्ये राज्याने त्या वेळच्या केंद्रीय निकषाच्या दुप्पट, म्हणजे कोरडवाहूला १३,६०० रुपये, आणि तीन हेक्टरपर्यंत मदत द्यायचे ठरवले. २०२५ च्या मे महिन्यात तोच निर्णय मागे घेऊन केंद्रीय दर आणि दोन हेक्टरची मर्यादा पुन्हा आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर जिल्हा पाण्याखाली गेला, सीना नदीकाठची गावे आठवडाभर तुटली, आणि ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. म्हणजे चार महिन्यांत एकच नियम खाली आणि वर गेला. मी कोणत्याही पक्षावर टीका करण्यासाठी हे सांगत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात राज्यात निवडून आलेले सरकारच नव्हते, तेव्हा अवकाळीची मदत राज्यपालांनी जाहीर केली होती आणि तीवरही कमी पडल्याचीच टीका झाली. सांगायचे ते इतकेच की मदतीचा आकडा नुकसानीपेक्षा त्या वेळच्या राजकीय हवेवर अधिक ठरतो. तो कायमस्वरूपी सूत्रात बांधला, महागाईशी जोडला, तर कोणाही नेत्याला तो 'जाहीर' करता येणार नाही. म्हणूनच तो बांधला जात नाही, असे माझे मत आहे.

पॅकेजचा आकडा वाचताना त्यातले रोख किती आणि आधीच्या योजनांतून वळवलेले किती, हे वेगळे काढून पाहावे. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी साडेतीन लाखांच्या आसपासची रक्कम सांगितली गेली. त्यात रोख ४७,००० रुपये आणि बाकीचे तीन लाख रोजगार हमीच्या कामांतून, अशी विभागणी होती. विभागणी चुकीची नाही, माती परत भरायला मजूर लागतातच. पण मथळ्यात एकच आकडा येतो, शेतकरी बँकेत जाऊन तेवढ्याची वाट पाहतो आणि शिव्या तलाठ्याला मिळतात. त्याशिवाय पंचनामा, यादी, ती संगणकावर चढवणे, विशिष्ट क्रमांक, सेवा केंद्रात अंगठा, सामायिक खातेदारांची संमतीपत्रे, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले, अशा पायऱ्या असतात. या पायऱ्यांवर लक्ष ठेवणारा आमदार मला तीस वर्षांत दोनदा भेटला. 'ओला दुष्काळ (म्हणजे अतिवृष्टीने पिके जाणे) जाहीर करा' ही मागणी मात्र दर वर्षी भेटते, आणि दुष्काळ कसा ठरवायचा ते सांगणाऱ्या दुष्काळ संहितेत ओला दुष्काळ नावाचा प्रकारच नाही हे मागणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला सत्तेत असताना आठवते.

निकषांची भाषा नेत्याला कशी अडचणीत आणते हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे वाचवणारी नावच उलटली. त्याच दिवसांत मोफत धान्याचा शासन निर्णय निघाला: घर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. राज्यभर संताप उसळला. दीड दिवस बुडालेल्या घरात चूल पेटते का, हा प्रश्न कोणालाही सुचेल असा होता. असल्या अटी मदतीच्या कागदांत वर्षानुवर्षे एका निर्णयातून दुसऱ्यात उतरत जातात. कोणी कारकून जुना मसुदा समोर ठेवतो, तारीख बदलतो आणि सही होते. कोरड्या दिवसांत हे निकष वाचून काढणे हे मंत्र्याचे काम आहे, पण कोरड्या दिवसांत त्यांच्याकडे कोणी निवेदन घेऊन जात नाही.

त्याच पुरात दुसरी सवयही दिसली. पाणी चढू लागले की बोट अलमट्टीकडे जाते. कर्नाटकातल्या त्या धरणाचा फुगवटा, म्हणजे अडवलेले पाणी मागे चढून, सांगलीपर्यंत येतो हा समज इतका पक्का आहे की त्यावर शंका घेणारा माणूस गावद्रोही ठरतो. या पुराच्या अभ्यासासाठी राज्याने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये जो अहवाल दिला त्यात पुराचा मुख्य ठपका अलमट्टीवर नव्हता. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रात व पूरक्षेत्रात झालेली अतिक्रमणे याकडे तिने बोट दाखवले होते. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि त्यावर अभ्यास जरूर व्हावा, विसर्गाचा समन्वय रोज व्हावा. पण दुसऱ्या राज्याचे धरण नेत्याला फार सोयीचे असते. तिथे आपला मतदार नसतो. आपल्या शहरात नदीकाठी मंगल कार्यालय बांधणारा मात्र आपल्याच व्यासपीठावर बसलेला असतो.

इथे पूररेषेबद्दल थोडे तपशिलाने सांगतो, कारण हवामानबदलाचा प्रश्न नेत्यासमोर खऱ्या अर्थाने उभा राहतो तो या रेषेवर. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. या रेषा गेल्या काही दशकांच्या पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. आता पाऊसच बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. याचा सरळ अर्थ असा की जो पूर पूर्वी शंभर वर्षांतून एकदा येत असे तो आता अधिक वेळा येणार, आणि जुन्या नोंदींवर आखलेली निळी रेषा नदीपासून आणखी मागे सरकवावी लागणार. मागे सरकवायची म्हणजे विकास आराखड्यातले काही शे भूखंड बांधकामाबाहेर काढायचे.

असे कोणी केलेले मला माहीत नाही. उलट, पूर ओसरला की मागणी होते ती रेषा नदीकडे ढकलण्याची. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवले, बाजारपेठेत मजलाभर पाणी चढले. त्यानंतर नदीतला गाळ काढण्यासाठी तिथल्या नागरिकांनी नेटाने आंदोलन केले आणि ते रास्त होते. त्याच वेळी निळी-लाल रेषा हटवा, अशीही मागणी झाली. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतो तिथे दुरुस्तीलाही परवानगी मिळणार नसेल तर आम्ही जायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. रेषा आखताना आतल्या माणसाला पर्यायी जागा, चढीव चटईक्षेत्र (दुसरीकडे जास्त बांधकामाची मुभा) किंवा मोबदला देण्याची तरतूद केली नाही तर ती रेषा म्हणजे नुसती शिक्षा ठरते. नेता मग सोपी वाट धरतो: रेषेचे 'फेरसर्वेक्षण' करू असे सांगतो. व्यासपीठावरून 'हवामानबदलामुळे पाऊस वाढला' म्हणायचे आणि आढावा बैठकीत 'रेषा जरा नदीकडे घ्या' म्हणायचे, ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून एकाच दिवशी मी ऐकली आहेत. मी तिथे इतिवृत्त लिहीत होतो. दुसरे वाक्य इतिवृत्तात आले नाही.

पश्चिम घाटाच्या बाबतीत हेच दिल्लीच्या पातळीवर चालू आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाचा अहवाल २०११ मध्ये आला, तो कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. राज्यांनी हरकती घेतल्या, मुदत संपली, पुन्हा मसुदा निघाला. सहावा मसुदा निघाला तो ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे केरळात वायनाडचे डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी संसदेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा सांगत होते की पूर्वसूचना आठवडाभर आधी दिली होती, आणि मुख्यमंत्री पिनराई विजयन सांगत होते की एवढ्या पावसाचा इशारा नव्हता. आपल्याकडे दरडीखाली माळीण २०१४ मध्ये गेले, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. इर्शाळवाडीला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पायी डोंगर चढून गेले, ते मी कमी लेखत नाही. पण दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचे नावच नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. मसुदा दहा वर्षे मसुदाच ठेवणे हीसुद्धा राजकीय कृती असते. त्यात 'नाही' म्हणण्याची बदनामी येत नाही आणि 'हो' म्हणण्याची किंमत पडत नाही.

याला अपवाद आहे का? ओडिशा आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली, त्यातली बहुतेक जगतसिंगपूर जिल्ह्यात, एरसमाच्या परिसरात. मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना डिसेंबरात पायउतार व्हावे लागले. मार्च २००० मध्ये आलेल्या नवीन पटनायक यांच्या सरकारने राज्याचे स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण जोमाने चालवले, किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, राज्याचे स्वतःचे बचाव दल उभे केले आणि 'एकही मृत्यू नको' हे उद्दिष्ट जिल्हाधिकाऱ्यांच्या कामाचे माप केले. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात तिथे सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली गेली आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. हे वादळ १९९९ च्या तुलनेत थोडे कमी ताकदीचे, पण तेही अतितीव्र होते. गावातला निवारा एरवी शाळा म्हणून वापरात असतो, त्यामुळे त्याची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असते; आमच्याकडे कोकणात निसर्ग वादळाच्या वेळी काही गावांत किल्ली शोधण्यातच वेळ गेला, असे तिथल्या सहकाऱ्यांकडून ऐकले. पटनायक २०२४ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे सत्तेत राहिले. तयारीला मते मिळत नाहीत या नियमाला ओडिशात छेद गेला तो बहुधा यामुळे की दहा हजार मृत्यूंची आठवण प्रत्येक किनारी घरात होती आणि नेता इतका काळ टिकला की केलेल्या तयारीचे फळ त्याच्याच कारकिर्दीत दिसले. गुजरातमध्येही भूजनंतर प्राधिकरण आणि २००३ चा कायदा झाला, तोही मुख्यमंत्री बदलल्यानंतर. नियम एरवी खरा आहे. अमेरिकेतील मतदानावर हीली आणि मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की मतदार मदतीच्या खर्चाचे बक्षीस सत्ताधाऱ्यांना देतात, पूर्वतयारीच्या खर्चाचे देत नाहीत, जरी तयारीवरचा एक डॉलर पुढचे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवत असला तरी.

आपल्याच इतिहासात मात्र याहून मोठे उदाहरण आहे आणि ते नव्या पिढीला फारसे सांगितले जात नाही. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसे होती. मजुरांना मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी यांची आठवण ज्यांच्या घरात अजून निघते त्यांना हे सांगावे लागणार नाही. मोर्चे निघत होते, कामे अपुरी होती, हाल झाले. पण दुष्काळ संपल्यावर सरकारने कामे बंद करून विषय मिटवला नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच करून पाहिलेल्या प्रयोगाला राज्याची योजना केले, तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, १९७७ मध्ये कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ते देता आले नाही तर भत्ता. यात मदत 'जाहीर' करण्याचा अधिकार नेत्यांनी स्वतःच्या हातून काढून मजुराच्या हातात दिला. पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात पाहून कुरकुर करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती कशातून आली हे ठाऊक असते. हवामानबदलाला आज जे उत्तर लागेल ते या जातीचे लागेल, असे मला वाटते: कोणावर तरी कर, कोणाला तरी कायद्याने हक्क.

सध्या जे आहे ते कृती आराखड्यांच्या रूपात आहे. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावात वातावरणीय बदल हे शब्द आले, २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान सुरू झाले, मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, पंतप्रधानांनी ग्लासगोतल्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. हे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या आराखड्याने कोणत्या वॉर्डात उष्णता आणि पाणी अधिक त्रास देते याचे नकाशे तरी समोर ठेवले. पण २०७० हे वर्ष आजच्या कोणत्याही मंत्र्याच्या कारकिर्दीत येत नाही, आणि निळी रेषा पुढच्या महिन्याच्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत येते.

तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधीला पारखायचे असेल तर मे महिन्यात पारखा. दर वर्षी त्या महिन्यात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. मी अशा बऱ्याच बैठकांना बसलो आहे. नालेसफाईची टक्केवारी सांगितली जाते, बोटी किती आणि लाइफ जॅकेट किती हे वाचून दाखवले जाते, 'गाफील राहू नका' अशी ताकीद मिळते आणि चहा होतो. बोटींपैकी किती इंजिने गेल्या महिन्यात सुरू करून पाहिली, दरडप्रवण यादीत कोणत्या वाड्यांची पाहणीच झालेली नाही, महसूल मंडळातल्या किती पर्जन्यमापकांची नोंद बंद आहे, गेल्या वर्षीच्या मदतीपैकी किती खातेदारांचे पैसे अजून तांत्रिक कारणाने अडकले आहेत आणि निळ्या रेषेच्या आत या वर्षी किती बांधकाम परवाने दिले गेले, हे पाच प्रश्न तुमच्या आमदाराने त्या बैठकीत लेखी विचारले आहेत का, एवढे त्यांना विचारून पाहा. बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे विभागाकडे असतो आणि नगरपालिकेच्या विकास आराखड्यावरही तो उतरवलेला असायला हवा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून आपले घर, आपली शाळा आणि नवे बसस्थानक कोणत्या रेषेत येते ते पावसाआधी पाहून घ्या.